वाचकांचे प्रश्न : जुन्या कन्सोलवरचे टर्न-बेस्ड युद्धखेळ

जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत युद्धखेळांविषयी बरंच विचारलं आहे, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी. हे खेळ टर्न-बेस्ड असतात. आधी आपण आपल्या सगळ्या तुकड्या हलवायच्या, मग समोरचा त्याच्या हलवणार. घाई कुणालाच नसते. त्यामुळे बोटं चपळ नसली, टीव्ही मंद असला, मशीन तीस वर्षांचं असलं तरी खेळाची गोडी कमी होत नाही.

प्रश्न : मी शाळेपासून बुद्धिबळ खेळतो. मावसभावाने गेम बॉय ॲडव्हान्स आणि 'ॲडव्हान्स वॉर्स' दिलं. सुरुवातीचे धडे जमले, पण जिथे युनिट स्वतः विकत घ्यायची असतात त्या मॅपवर मी हमखास हरतो. रणगाडे माझे जास्त असतात, तरीही. काय चुकतं?
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : भाग्यश्री ठिपसे आणि स्वाती घाटे यांच्या गावात बुद्धिबळाची सवय लागणं साहजिक आहे, आणि पुढचं पाहून चाल करण्याची सवय इथेही उपयोगी पडते. नडते ती मारामारीची सवय. बुद्धिबळात मोहरं एकतर पूर्ण पटावर असतं, नाहीतर पटाबाहेर. इथे प्रत्येक युनिटाला, म्हणजे तुकडीला, १० एचपी (जीवाचे गुण) असतात, आणि एचपी घटले की माराही त्याच प्रमाणात घटतो. ५ एचपीचा रणगाडा निम्म्या जोराने मारतो. म्हणून आपले रणगाडे किती हे मोजण्याआधी पहिला घाव कोण घालणार ते पाहा.

कागदावर मांडून बघा. रणगाड्याचा रणगाड्यावर मूळ मारा ५५ टक्के. समोरचा मोकळ्या मैदानावर असेल तर मैदानाचा एक तारा (जमिनीच्या रक्षणाचं माप) त्याचं साधारण १० टक्के रक्षण करतो. म्हणजे नुकसान ५० टक्क्यांच्या आसपास, वर थोडी नशिबाची भर. आधी तुम्ही मारलंत तर तो ५ एचपीवर येतो आणि उलट मारतो तो त्या ५ एचपीच्या जोरावर. तुमचे जातात २ किंवा ३. आधी त्याने मारलं तर हेच सगळं उलट. दोन्ही बाजूंना एकेक रणगाडा, किंमत सारखी, तरी निकाल एवढा वेगळा.

पहिला घाव आपल्याला हवा असेल तर थांबायचं कुठे हे कळलं पाहिजे. शत्रूच्या युनिटावर कर्सर नेऊन बी बटण दाबून धरा, ते कुठवर मारू शकतं ती घरं रंगून दिसतात. साधा रणगाडा मैदानात ६ घरं चालतो आणि शेजारच्या घराला मारतो, म्हणजे त्याचा धोका ७ घरांपर्यंत. तुम्ही ८व्या घरावर थांबलात तर त्याला पुढे यावं लागतं, आणि तो आला की पहिला घाव तुमचा. रानात शिरायला रणगाड्याला २ पावलं खर्च होतात, तेही धरा. बहुतेक नवशिके मिळालेली सगळी पावलं वापरून पुढे धावतात. ॲडव्हान्स वॉर्समधले बहुतेक पराभव तिथेच ठरतात.

सगळीकडे मागे थांबता येत नाही, कुठेतरी मार खावा लागतो. तो खायचा तर चांगल्या जमिनीवर खा. रस्त्याला शून्य तारे, मैदानाला १, रानाला २, शहराला ३, डोंगराला आणि मुख्यालयाला ४. रणगाड्याचा पायदळावर मूळ मारा ७५ टक्के. तेच पायदळ डोंगरावर बसलं की तो ४५च्या आसपास येतो. डोंगरावर रणगाडा चढतच नाही, हा वेगळा फायदा. ताऱ्यांचं रक्षण युनिटाच्या एचपीनुसार घटतं, म्हणून अर्धमेलं युनिट डोंगरावर ठेवून फारसं काही साधत नाही. ते शहरात न्या, दर टर्नला २ एचपी दुरुस्त होतात. पैसे मात्र लागतात.

आता तोफा. तुमच्या पत्रात तोफेचा उल्लेखच नाही, आणि आमच्या मते तुमच्या हरण्याचं अर्धं कारण तेच. तोफ ६००० ला मिळते, रणगाडा ७००० ला. तोफ २ किंवा ३ घरांवरून मारते, रणगाड्यावर तिचा मारा ७० टक्के आहे, आणि लांबून मारल्यामुळे उलट मार खावा लागत नाही. अडचणी दोन. हललेल्या टर्नला ती मारू शकत नाही, आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या शत्रूला ती हातही लावू शकत नाही. म्हणून तिच्यापुढे पायदळाची भिंत हवी. पायदळ पुढच्या घरात, तोफ त्याच्या लगेच मागे. पायदळाला भिडलेला शत्रू तोफेपासून बरोबर २ घरांवर येतो. अंतर मोजताना तिरपं घर दोन पावलांचं धरायचं.

१६००० चा मध्यम रणगाडा घेण्यासाठी पैसे साठवणं ही दुसरी नेहमीची चूक. तो साठेपर्यंत आघाडी रिकामी राहते. त्याच्यावर तोफेचा मारा ४५ टक्के आहे. मैदानावर दोन तोफांनी एकेकदा मारलं की त्याचे ८ किंवा अधिक एचपी जातात. दोन तोफांचे १२००० होतात, आणि उरलेल्या ४००० त चार पायदळं येतात.

शेवटी पैशाची बाजू. प्रत्येक शहर, बेस (युनिट बनवायची जागा) आणि मुख्यालय खेळातल्या दर दिवशी, म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न झाली की, १००० देतं, आणि पायदळाची किंमतही १०००च. घेतलेलं शहर दुसऱ्याच दिवसापासून दर दिवसाला एक पायदळ फुकट देतं. म्हणून मालक नसलेली शहरं संपेपर्यंत पहिले काही दिवस मुख्यतः पायदळच काढा. ताब्यात घ्यायचं कोष्टक पाठ असू द्या. प्रत्येक जागेचे २० गुण असतात, आणि पायदळ दर टर्नला आपल्या एचपीइतके गुण कमी करतं. १० एचपीच्या पायदळाला दोन टर्न लागतात. ९ एचपीच्याला मात्र तीन, कारण ९ आणि ९ मिळून १८च होतात. पहिल्या टर्नला १० गुण खाल्ले आणि मग एक एचपी गेला, तरी बेरीज १९ आणि पुन्हा एक टर्न जास्त. याचा उपयोग उलट बाजूनेही करा. तुमचं शहर कुणी बळकावत असेल आणि त्याला पूर्ण मारता येत नसेल, तर एक एचपी जरी घालवलात तरी एक दिवस हाती येतो. ते पायदळ घरावरून हललं तर गुण परत २० होतात.

प्रश्न : गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये ८० टक्के दाखवलेला वार माझ्या मते ८० पेक्षा बराच जास्त वेळा लागतो. भावाला हा भास वाटतो. खरं काय? आणि मग माझे मोहरे तरी अचानक कसे मरतात?
— कराड

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या फायर एम्ब्लेममध्ये वार लागला की नाही हे ठरवताना ० ते ९९ मधले दोन आकडे काढले जातात आणि त्यांची सरासरी पडद्यावरच्या आकड्याशी ताडली जाते. दोन आकड्यांची सरासरी मध्याकडे झुकते. त्यामुळे ५० च्या वरचे आकडे प्रत्यक्षात आणखी वर जातात आणि खालचे आणखी खाली. गणित कुणालाही करून पाहता येईल : दाखवलेले ९० म्हणजे खरे ९८.१, ८० म्हणजे ९२.२, ७० म्हणजे ८२.३, ६० म्हणजे ६८.४. खालच्या बाजूला ३० म्हणजे १८.३, २० म्हणजे ८.२ आणि १० म्हणजे जेमतेम २.१.

हा नियम शत्रूलाही लागू आहे. पण आपल्या चांगल्या योद्ध्यांचे वार सहसा ५० च्या वर असतात आणि त्यांच्यावरचे वार ५० च्या खाली, म्हणून एकूण कल आपल्याकडे येतो. १९९० मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलवर आलेल्या पहिल्या फायर एम्ब्लेममध्ये ही सोय नव्हती, तिथे दाखवलेला आकडा तोच खरा आकडा. दोन्ही खेळणाऱ्याला जुना खेळ कठोर वाटतो, त्याला हे एक कारण आहे.

तुमचे मोहरे मरतात ते क्रिटिकलमुळे. क्रिटिकल ठरतं एकाच आकड्यावर, सरासरी नाही, आणि नुकसान तिप्पट होतं. ५ टक्के दाखवलं तर ते खरेखुरे ५ टक्के. मेलेला योद्धा या खेळात परत येत नाही, म्हणून वार करण्यापूर्वी समोरच्याचा क्रिटिकल शून्य आहे का ते पाहा. शून्य नसेल तर त्याचं नुकसान तिपटीने धरून आपला मोहरा वाचतो का ते मोजा. वाचत नसेल तर दुसऱ्या कुणाला पुढे करा. शस्त्रांचा त्रिकोणही विसरू नका. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. फरक १५ टक्के नेम आणि १ नुकसान एवढाच दिसतो, पण वर सांगितलेल्या सरासरीमुळे मधल्या पट्ट्यात तो १५ पेक्षा जास्त भरतो : ६० चे ७५ झाले की खरे ६८.४ चे ८७.७५ होतात.

मोहरा मेल्यावर मशीन बंद करून चालू केलं तरी तो जिवंत होत नाही. खेळ जवळजवळ प्रत्येक हालचालीनंतर स्वतःच नोंद ठेवतो. अध्याय पहिल्यापासून सुरू करणं हाच मार्ग.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. माळ्यावर काढून ठेवायच्या खोक्यांत सेगा मेगा ड्राइव्ह आणि 'शायनिंग फोर्स'सह काही कॅसेटी होत्या, त्या भिजल्या. वाळवून ठेवल्या, पण चालवायचं धाडस झालं नाही. आता काही होईल का?
— सांगलीवाडी

उत्तर : चालवल्या नाहीत हे उत्तम केलंत. खेळ ज्या चिपमध्ये असतो तिला पाण्याने सहसा काही होत नाही. बोर्ड बिघडतो तो त्यावर साचलेला गाळ आणि ओलावा असताना वीज दिली तर. शिवाय कृष्णेचा गाळ वाळला तरी पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो आणि तांबं खात राहतो, तेव्हा आणखी एक पावसाळा जाऊ देऊ नका.

मेगा ड्राइव्हच्या कॅसेटीला ३.८ मिलिमीटरचा खास सहापाकळी बिट लागतो, ऑनलाइन सहज मिळतो. पेनाची नळी वितळवून स्क्रू फिरवायचा प्रयत्न करू नका, प्लॅस्टिक आत अडकून बसतं. बोर्ड बाहेर काढा. मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुवा. गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, नळाचं नको, त्यातले क्षार मागे राहतात. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि पंख्याखाली सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या. हेअर ड्रायर नको. सोनेरी पट्ट्यांवर काळपटपणा उरला तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि पुन्हा अल्कोहोल लावा. सॅंडपेपर मुळीच नाही, सोन्याचा थर फार पातळ असतो.

शायनिंग फोर्समध्ये सेव्ह टिकवायला नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी असते. पुरानंतर तिच्यावर भरवसा नको. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. २.७ च्या खाली असेल, किंवा कडेला हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसत असेल, तर बदला. बदलताना पाय जोडलेलीच सीआर२०३२ घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर करायला गेलात तर तो तापून फुटू शकतो. फ्लक्स लावून, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवून, एकेक पाय दोन-तीन सेकंदांत सोडवा. बोर्डावरची अधिकची खूण पाहूनच नवी बसवा. जुनं सेव्ह यात जातं, त्याला इलाज नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे काम होतं. फक्त पायवाला सेल आपण घेऊन जा, कारण तो त्यांच्याकडे असेलच असं नाही.

मेगा ड्राइव्हचं मशीनही याच पद्धतीने धुता येतं. पाण्यात बुडालेला ॲडॉप्टर मात्र टाकून द्या. आणि खोक्यासोबत जुना काचेच्या नळीचा टीव्हीही भिजला असेल तर तो घरी उघडू नका. प्लग काढलेला असला तरी आत जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

प्रश्न : जपानमधून आलेला सुपर फॅमिकॉम आणि 'सुपर फॅमिकॉम वॉर्स' हाती आलं आहे. आपल्याकडच्या विजेवर आणि एलईडी टीव्हीवर चालेल ना?
— वाई

उत्तर : चालेल, पण सोबतचा ॲडॉप्टर भिंतीत खुपसू नका. तो १०० व्होल्टचा आहे, आपले २३० व्होल्ट मिळताच जळेल. एक उपाय म्हणजे २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन कन्व्हर्टर. ५० वॉटचा पुरतो. दुसरा उपाय इथलाच नवा ॲडॉप्टर. मूळ ॲडॉप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर डीसीचा आहे, त्यामुळे ९ किंवा १० व्होल्ट आणि किमान १ अँपिअरचा चालतो. ध्रुव नीट पाहा : सुपर फॅमिकॉमला पिनेच्या मधोमध ऋण आणि बाहेर धन लागतं, आणि आपल्या बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर याच्या उलट असतात. दुकानदाराला मल्टिमीटरने दाखवायला सांगा, लेबलवर विसंबू नका.

चित्रासाठी पिवळी-लाल-पांढरी एव्ही केबल वापरा. जपानी मशीनच्या आरएफ वायरवरून आपल्या टीव्हीत चॅनेल सहसा पकडता येत नाही. चित्र काळं-पांढरं दिसलं किंवा वर-खाली घसरलं तर टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ऑटो किंवा एनटीएससी करा. एव्ही इनपुटच नसेल तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. स्वस्त कन्व्हर्टर चित्र थोडं उशिरा दाखवतात, म्हणून उड्या मारायच्या गेममध्ये ते नकोसे होतात. टर्न-बेस्ड युद्धखेळात त्या उशिराने काहीही बिघडत नाही, तिथे जास्तीचे पैसे घालू नका. चित्राचं प्रमाण मात्र ४:३ ठेवा. ताणलेल्या चित्रात घरं आडवी रुंद होतात आणि अंतर मोजताना डोळा फसतो.

प्रश्न : घरी नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम आहे, वर कॅसेट लावायचा. त्यावर असे युद्धखेळ मिळतील का? आमच्या 'हजारो गेम'वाल्या कॅसेटीत एकही नाही.
— तासगाव

उत्तर : ते मशीन फॅमिकॉमची नक्कल आहे, ६० पिनांची कॅसेट घेणारी. हजारो गेमवाल्या कॅसेटीत मुळात थोडेसे छोटे गेमच फिरवून फिरवून दिलेले असतात. युद्धखेळाला मोठी चिप आणि सेव्हसाठी बॅटरी लागते, ते त्यात नसतं.

शोधायची असेल तर 'फॅमिकॉम वॉर्स'ची मूळ जपानी कॅसेट शोधा, १९८८ ची. वरच्या उत्तरातल्या ॲडव्हान्स वॉर्सची हीच मूळ गंगोत्री, दोन्ही इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीचे. तिला लागणारी एमएमसी४ नावाची खास चिप कॅसेटीतच असते, मशीनमध्ये नाही, म्हणून नकली मशीनवरही ती सहसा चालते. खेळ जपानीत आहे, पण युनिट चित्रांवरून ओळखू येतात आणि मेनूतले चार-पाच शब्द एकदा कागदावर काढून घेतले की पुरे. कॉम्प्युटर त्याच्या टर्नला बराच वेळ विचार करतो, मशीन बिघडलं असं समजून बंद करू नका. इंग्रजीच हवं असेल तर वाळवंटातल्या लढाईचं 'डेझर्ट कमांडर' आहे, १९८९ चं, पण ते ७२ पिनांचं; त्यासाठी ७२ ते ६० पिनांचा जोड लागतो. त्यात इंधन आणि दारूगोळा दोन्ही संपतात. पुरवठ्याचे ट्रक मागे सुरक्षित ठेवले नाहीत तर रणगाडे वाळूत नुसते उभे राहतात.

बॅटरी असलेल्या फॅमिकॉम कॅसेटीचं मशीन बंद करताना रिसेट बटण दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा. वीज तुटताना चिप भलतंसलतं लिहू शकते, ते यामुळे टळतं. भारनियमनाच्या वेळा माहीत असतील तर त्याआधीच सेव्ह करा.

प्रश्न : पीसी इंजिन मिनीवर 'नेक्टारिस' खेळतो. सहाव्या-सातव्या मॅपपासून शत्रूची ताकद जास्त असते आणि पैसे तर या खेळात नाहीतच. मग जिंकायचं कशावर?
— फलटण

उत्तर : वेढ्यावर. १९८९ च्या या हडसन कंपनीच्या खेळाचा आत्मा तोच आहे, आणि टर्न-बेस्ड युद्धखेळांत इतका नेटका नियम क्वचितच सापडतो. घरं षटकोनी आहेत, म्हणजे प्रत्येक युनिटाला सहा शेजार. शत्रूच्या शेजारच्या घरात शिरलं की थांबावं लागतं. शत्रूच्या समोरासमोरच्या बाजू तुम्ही व्यापल्यात तर त्याची वाट बंद होते, आणि पूर्ण कोंडला की त्याचा मारा आणि बचाव दोन्ही खूप खाली येतात. शेजारी उभी असलेली आपली युनिट मारणाऱ्याला आणखी बळ देतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा : आधी दुबळी युनिट हलवून वेढा पुरा करा, वार सर्वांत शेवटी बलवान युनिटाने करा. आधी मारून मग वेढा घातला तर तो वेढा फुकट.

दुसरी गोष्ट कारखाने. ते घ्यायला पायदळच लागतं, आणि आत उभी असलेली युनिट तुमची होतात. सुरुवातीच्या टर्नमध्येच मोटारसायकलवालं पायदळ जवळच्या कारखान्याकडे सोडा. एका युनिटात ८ यंत्रं असतात. दोन-तीन उरलेलं पण ताऱ्यांचा अनुभव कमावलेलं युनिट मरू देऊ नका. ते कारखान्यात न्या, संख्या पुन्हा ८ होते आणि अनुभव कायम राहतो. पैसे नसलेल्या खेळात तुमची शिल्लक ती हीच. आणि सगळे शत्रू मारायची गरज नसते. पायदळाने त्यांचा तळ गाठला की मॅप जिंकला.

१६ मॅप संपले की आणखी १६ कठीण मॅप आहेत. पहिल्या मॅपचा पासवर्ड 'रिव्होल्ट' आहे, आणि दुसऱ्या संचात तीच नावं इंग्रजी अक्षरं उलटी लिहून द्यायची.

प्रश्न : शायनिंग फोर्समध्ये बढती १०व्या पातळीला द्यावी की २०व्या? काही योद्धे इतके दुबळे आहेत की मागेच राहतात.
— सातारा

उत्तर : १० पासून बढती मिळते, पण थोडं थांबलात तर योद्धा पक्का होतो. १५च्या आसपास द्या, हे आमचं मत. २० ची वाट पाहण्यात वेळ फार जातो, कारण पातळी वाढली की त्याच शत्रूकडून अनुभव कमी मिळतो.

दुबळ्यांसाठी शेवटचा घाव राखून ठेवा. मारण्याचा अनुभव नुसत्या जखमेपेक्षा खूप जास्त असतो आणि दर १०० गुणांना पातळी चढते. खेळाचा नायक मॅक्स याच्याकडे एग्रेस मंत्र आहे. लढाई अर्धवट टाकून तो वापरला की सगळे चर्चजवळ परत येतात, मिळालेला अनुभव तसाच राहतो आणि तीच लढाई पुन्हा लढता येते. मॅक्स पडला तरी अनुभव राहतो, पण निम्मं सोनं जातं. म्हणून तो पडायच्या आधी मंत्र म्हणा.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या ॲडव्हान्स वॉर्सच्या कॅसेटीत सेव्ह दोन दिवसांत उडतं. बॅटरी बदलू का?
— कोरेगाव

उत्तर : मूळ कॅसेटीत बॅटरी नसतेच, सेव्ह फ्लॅश चिपवर राहतं. बॅटरी सापडली तर कॅसेट नकली आहे, म्हणून शक्य असेल तर परत करा. पुढच्या वेळी घेण्याआधी दोन फोटो मागा. पुढचं लेबल तिरक्या उजेडात धरलं की त्यात दाबलेला दोन अंकी आकडा दिसला पाहिजे, आणि खालच्या फटीतून सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डावर छापलेलं निन्टेन्डो हे नाव. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो, साध्या अधिकच्या खुणेचा नाही. याच मशीनवरच्या मूळ फायर एम्ब्लेममध्ये मात्र बॅटरी असते, सीआर१६१६. तेव्हा नुसत्या बॅटरीवरून कुठलीही कॅसेट नकली ठरवू नका.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, मशीन एकच. एसटीने पुण्याला जाताना दोघांना मिळून खेळता येईल का?
— विटा

उत्तर : येईल. ॲडव्हान्स वॉर्समध्ये एकाच मशीनवर चार जणांपर्यंत खेळता येतं, टर्न संपली की मशीन पुढच्याच्या हाती द्यायचं. केबल लागत नाही, निन्टेन्डो डीएसमध्ये कॅसेट घातली तरी हे चालतं. लहान मॅप निवडा, मोठा मॅप पुण्यापर्यंत संपणार नाही. संपला नाही तरी मेनूतून सेव्ह करून परतीच्या गाडीत पुढे चालू करता येतो. साध्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला दिवा नसतो, म्हणून दिवसाची गाडी धरा आणि खिडकीकडे पाठ करून बसा, म्हणजे उजेड पडद्यावर पडेल. दोन पेन्सिल सेलवर ते साधारण १५ तास चालतं.